गणित बरोबर, पडदा काळा

छत्रपती संभाजीनगरला लागून असलेल्या वाळूजमध्ये १९८५पासून बजाजचा कारखाना दुचाकी बनवतो आहे. त्याच शहरात मेकॅनिकल शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ‘ओपनफोम’ हे हवा-पाण्याच्या प्रवाहाचे गणित करणारे मुक्त सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतले, तर त्याच्याबरोबर येणाऱ्या तयार उदाहरणांतले एक प्रसिद्ध उदाहरण मोटारसायकलचेच निघते. गाडीवर स्वार वाकून बसलेला आहे, समोरून सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने वारा येतो आहे. हवा कुठे फाटते, पाठीमागे भोवरे कुठे होतात, गाडीला किती रेटा बसतो, हे काढायचे.

गणित मोठे असते. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो, टर्मिनलवर आकड्यांच्या ओळी तासन्‌तास वर सरकत राहतात आणि अखेर गणित सुखरूप पार पडते. मग निकाल चित्ररूपात पाहायचा म्हणून ‘पॅराव्ह्यू’ उघडायचे, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. कधी विंडो उघडते आणि पांढरीफटक पडून राहते. कधी मोटारसायकल छान दिसते, पण माउसने जरा फिरवली की सगळा पडदा काळा होतो. कधी तर विंडो येतच नाही. टर्मिनलवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द उमटतात आणि काम संपते.

त्याच लॅपटॉपवर ऑटोकॅड बिनतक्रार चालते आणि रात्री मित्रांबरोबर गेमही चालतो. ग्राफिक्स कार्ड बिघडलेले नाही आणि ओपनफोमने काढलेले आकडेही बरोबर आहेत. मग मोडते ते काय?

ओपनफोम युनिक्सच्या घराण्यातले आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९८९च्या सुमारास त्याची सुरुवात झाली आणि डिसेंबर २००४मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. लिनक्स हे त्याचे माहेर. विद्यार्थ्याचा लॅपटॉप मात्र विंडोजचा असतो, आणि त्याला कारणेही आहेत. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने संगणक शिकला तो २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीमधून, म्हणजे विंडोज आणि ऑफिसमधून. सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, टॅली हे सगळे विंडोजचे. घरात एकच लॅपटॉप, त्यावरच बहिणीचा ऑनलाइन फॉर्म आणि वडिलांचे हिशेब. तेव्हा विंडोज पुसून लिनक्स टाकण्याऐवजी लोक मधला मार्ग धरतात: विंडोजच्या पोटातच एक थर बसवायचा आणि युनिक्सच्या प्रोग्रामला आपण युनिक्सवरच चाललो आहोत असे भासवायचे. इंग्रजीत त्याला कंपॅटिबिलिटी लेयर म्हणतात. तो दुभाष्याचे काम करतो: एका बाजूची मागणी ऐकतो, दुसऱ्या बाजूच्या भाषेत मांडतो आणि आलेले उत्तर परत आणून देतो.

या दुभाष्यांपैकी जुना आणि अजूनही कामावर असलेला म्हणजे सिग्विन. अमेरिकेतल्या सिग्नस कंपनीत १९९५मध्ये त्याचा जन्म झाला. पुढे रेड हॅटने सिग्नसच विकत घेतली. युनिक्सचा प्रोग्राम जी जी सेवा मागेल ती विंडोजच्या सेवांमधून तयार करून देणारी एक फाइल, हा सिग्विनचा गाभा. बहुतेक मागण्या तो सहज भागवतो. फाइल उघड, ओळ वाच, आकडा लिही यांत दोन्ही बाजूंमध्ये फारसा फरक नाही. एका मागणीशी मात्र त्याची तीस वर्षे झटापट चालू आहे, ती म्हणजे ‘फोर्क’. युनिक्सवर चालू प्रोग्राम स्वतःची हुबेहूब प्रत एका हुकमात काढतो. विंडोजच्या नेहमीच्या प्रोग्रामला अशी सोय नाही. मग सिग्विन काय करतो, तर नवा प्रोग्राम अर्धवट सुरू करून थांबवतो आणि मूळ प्रोग्रामची स्मृती त्याच्यात जशीच्या तशी ओततो. त्यासाठी दोन्हींमधले प्रत्येक घटक स्मृतीत त्याच पत्त्यावर असावे लागतात. सुरक्षेसाठी विंडोज हे पत्ते मुद्दाम बदलते, अँटिव्हायरसवाले आपले घटक मध्येच घुसवतात, आणि प्रत फसते. असा त्रास देणाऱ्या सॉफ्टवेअरची यादीच सिग्विनच्या अधिकृत माहितीपत्रात दिलेली आहे. गंमत अशी की पडद्यावर विंडो न उघडण्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे असते. ग्राफिक्सचा काही संबंध नसतो. विंडो उघडणारा प्रोग्राम जन्मालाच आलेला नसतो.

मायक्रोसॉफ्टने स्वतःचा दुभाषा आणला तो २०१६मध्ये. विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, लोकांच्या तोंडी डब्ल्यूएसएल. पहिल्या आवृत्तीत लिनक्सच्या प्रत्येक हाकेचे भाषांतर विंडोजचा गाभाच करीत असे. ते काम न संपणारे आहे हे कळल्यावर २०१९मध्ये कंपनीने दिशा बदलली. दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स गाभा एका छोट्या आभासी यंत्रात बसवला आणि २०२०मध्ये तो विंडोज १०बरोबर लोकांपर्यंत पोहोचला. फोर्कचा प्रश्न तिथेच मिटला; आकडे, फाइली, मजकूर यांत आता लिनक्स आणि लिनक्ससारखे असा भेद उरला नाही. पडद्याचा प्रश्न मात्र मिटला नाही, उलट जास्त गुंतागुंतीचा झाला.

याचे कारण साधे आहे. फाइल कुठेही ठेवता येते, पण पडदा एकच असतो आणि त्याची मालकी विंडोजकडे असते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर विंडोजचा, कुठली विंडो वर आणि कुठली खाली हे ठरवणारेही विंडोजच. आभासी यंत्रातल्या लिनक्सला या घरात भाडेकरूसारखेही स्थान नाही. त्याने चित्र काढायचे ते दुसऱ्याच्या हाताने.

युनिक्सच्या चित्रव्यवस्थेला मुळात हे असे दुसऱ्याच्या हाताने काढणे नवे नव्हते. ‘एक्स’ नावाची ही व्यवस्था अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४मध्ये सुरू झाली. आज वापरात असलेली अकरावी आवृत्ती १९८७ची. तिची रचना त्या काळाला साजेशी होती. हिशेब करणारा मोठा संगणक एका खोलीत आणि पडदा दुसऱ्या खोलीत. प्रोग्रामने नेटवर्कवरून निरोप पाठवायचा की इथे रेघ मार, इथे चौकोन भर, हा मजकूर लिही. पडद्याजवळ बसलेल्या सर्व्हरने तसे करायचे. रेघा आणि चौकोनांपुरते हे इतके चांगले चालत होते की सिग्विनवाल्यांनी तो सर्व्हर विंडोजवर आणला आणि युनिक्सच्या विंडो विंडोजच्या विंडोंमध्ये मिसळून दिसू लागल्या. पुढे एक्समिंग आणि व्हीसीएक्सएसआरव्ही हे त्याचेच भाऊबंद निघाले. पुष्कळ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर असणारा मोबाएक्सटर्म हाही आतून सिग्विनवरच उभा आहे.

घोळ झाला त्रिमितीने. १९९२मध्ये ओपनजीएल आले आणि ग्राफिक्स कार्डाकडून लाखो त्रिकोण एका दमात रंगवून घेण्याची सोय झाली. मोटारसायकलचा पृष्ठभाग म्हणजे असे त्रिकोणच. एवढा माल निरोपांच्या वाटेने पाठवायचा म्हणजे फार वेळ जाणार. म्हणून लिनक्सवर त्रिमितीच्या प्रोग्रामना आडवाट मिळाली: एक्स सर्व्हरला बाजूला ठेवून थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलायचे. एकाच यंत्रावर लिनक्स, कार्ड आणि पडदा असले की ही आडवाट झकास चालते. पण पडदा विंडोजच्या ताब्यात असला की ती बंद होते आणि प्रोग्रामला जुन्या निरोपांच्या वाटेवर यावे लागते. त्या जुन्या वाटेवर ओपनजीएलची व्यवहारात १.४ ही आवृत्ती मिळते, म्हणजे २००२ सालची. पॅराव्ह्यूच्या आजच्या आवृत्त्यांना किमान ३.२ लागते. दोघांचे जमायचे कसे? काही प्रोग्राम नीट कारण सांगून थांबतात. काही न तपासताच पुढे जातात आणि कोसळतात. त्या ‘सेगमेंटेशन फॉल्ट’मागे पुष्कळदा एवढीच गोष्ट असते.

त्यात आणखी भर पडली. डिसेंबर २०१४मध्ये एक्सच्या सर्व्हरमधल्या सुरक्षेच्या भोकांची मोठी यादी जाहीर झाली. निरोप तपासून न घेणारा काही भाग १९८७पासून तसाच पडून होता, आणि त्रिमितीचे निरोप हाताळणारा भाग त्यात बराच सापडला. त्यानंतरच्या आवृत्तीत त्रिमितीची ही जुनी वाट मुळातच बंद ठेवण्यात आली. ज्याला हवी त्याने मुद्दाम उघडायची. काल चालणारा प्रोग्राम अपडेटनंतर आज चालत नाही, असा अनुभव त्या काळात अनेकांना आला. दुरुस्ती योग्यच होती, पण ज्याचे सबमिशन उद्या आहे त्याला ती बिघाडच वाटली, यात नवल नाही.

मायक्रोसॉफ्टने २०२१मध्ये डब्ल्यूएसएलजी आणले आणि वेगळा एक्स सर्व्हर बसवण्याची कटकट संपवली. वापरणाऱ्याला सगळे सोपे दिसते: टर्मिनलवर नाव टाइप करा, विंडो उघडते. आत मात्र मोठी साखळी आहे. प्रोग्राम एक्सच्या भाषेत बोलतो. ते बोलणे एक्सवेलँड नावाचा मध्यस्थ वेलँड या नव्या व्यवस्थेत उतरवतो. वेस्टन नावाचा प्रोग्राम सगळ्या विंडोंचे चित्र जुळवतो. ते चित्र विंडोजकडे जाते रिमोट डेस्कटॉपच्या तंत्राने, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा पाहण्यासाठी जे वापरतात त्याच तंत्राने, इथे तो ‘दूरचा’ संगणक त्याच लॅपटॉपच्या पोटात असला तरी. त्रिमितीची वाट याहून वेगळी. प्रोग्रामच्या ओपनजीएल हुकमांचे रूपांतर मेसा हा मुक्त संग्रह विंडोजच्या डायरेक्टएक्स १२मध्ये करतो. ते हुकूम आभासी यंत्राची भिंत ओलांडून विंडोजच्या ड्रायव्हरकडे जातात, आणि मग कुठे कार्ड कामाला लागते.

ही साखळी चालते, आणि बहुतेक वेळा चांगली चालते, याचे कौतुक करायला हवे. पण तिच्यातला कुठलाही दुवा सुटला तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच: काळा पडदा. वेस्टन कोसळले की त्याच्या आधाराने उघडलेल्या सगळ्या विंडो जातात. मागे चाललेले गणित मात्र तसेच चालू राहते, कारण त्याचा पडद्याशी संबंधच नाही. विंडोजने पाठीमागे ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला आणि लिनक्सचे आभासी यंत्र तेव्हा चालूच होते, तर दोन्हीकडचे धागे जुळेनासे होतात. डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. नुसती विंडो बंद करून भागत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते.

विंडोजची एक सवय इथे विशेष नडते. २००७च्या व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डावर पहारा ठेवते. कार्डाने दिलेल्या कामाला दोन सेकंदांत दाद दिली नाही, तर ते अडकले असे मानून विंडोज त्याला झटका देऊन पुन्हा सुरू करते. सगळा संगणक गोठून बसण्यापेक्षा हे बरे. पण साध्या लॅपटॉपमधल्या इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर कोणी लाखो पेशींच्या जाळीवर प्रवाहरेषा काढायला सांगितल्या, तर दोन सेकंद सहज उलटतात. कार्ड अडकलेले नसते, फक्त संथ असते. झटका बसतो, कार्डातले सगळे चित्रसाहित्य पुसले जाते. ते पुन्हा उभे करायचे तर साखळीतल्या प्रत्येकाने झटका ओळखायला हवा, आणि तसे क्वचितच घडते. मोटारसायकल फिरवताच पडदा काळा होण्याचे हे एक नेहमीचे कारण. महागड्या लॅपटॉपवर याची दुसरी तऱ्हा दिसते: आत दोन ग्राफिक्स असतात, एक अंगभूत आणि एक एनव्हिडियाचे, आणि मेसा नेमके दुबळे निवडते. कोणते वापरायचे ते त्याला एका सेटिंगने सांगता येते, पण त्यासाठी आपण कोणत्या कार्डावर चाललो आहोत हे आधी पाहावे लागते.

लॅपटॉपचे झाकण मिटणे हीही घटना साधी नाही. एक्सच्या रचनेत तुटलेला संवाद पुन्हा जोडण्याची सोयच नाही. प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यातली तार तुटली की प्रोग्राम मरतो. वेगळा एक्स सर्व्हर वापरणाऱ्यांनी झाकण मिटले, लॅपटॉप झोपला, आभासी नेटवर्कची तार तुटली की उठल्यावर सगळ्या विंडो गायब. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत तर आभासी यंत्राचा पत्ता दर वेळी बदलत असे; काल लिहिलेले सेटिंग आज खोटे ठरायचे, आणि वर विंडोजची फायरवॉल मध्ये उभी. प्रश्न ग्राफिक्सचा दिसतो, असतो नेटवर्कचा.

नेटवर्क खरोखरच लांबचे असले की ही रचना आणखी उघडी पडते. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली पुण्याच्या आयसरमध्ये २०१९मध्ये ‘परम ब्रह्म’ बसला. सप्टेंबर २०२४मध्ये ‘परम रुद्र’ मालिकेतली तीन यंत्रे राष्ट्राला अर्पण झाली. त्यांतले एक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी पुण्यात आहे. अशा यंत्रांवर कोणी पडद्यासमोर बसून काम करीत नाही, सगळे आपापल्या गावाहून नेटवर्कवरून शिरतात. समजा, संभाजीनगरहून पुण्याला निरोप जाऊन उत्तर यायला ३० मिलिसेकंद लागतात आणि एखादा प्रोग्राम विंडो उघडण्यापूर्वी पडद्याला पाचशे प्रश्न एकामागून एक विचारतो. नुसत्या ये-जा करण्यातच १५ सेकंद गेले. एमआयटीच्या इमारतीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हा खर्च जाणवत नव्हता; दोन शहरांमध्ये तो मेनू उघडण्यापासून जाणवतो. म्हणून जाणकार अशा ठिकाणी एक्सच्या विंडो ओढून आणत नाहीत. चित्र पलीकडेच पूर्ण करून घेतात आणि व्हीएनसीसारख्या साधनाने तयार पडदा तेवढा आणतात. तार तुटली तरी तिकडचा पडदा जिवंत राहतो, पुन्हा जोडले की काम जिथे होते तिथेच सापडते.

जीएमआरटीचा उल्लेख आला म्हणून एक जुनी गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला केंद्र असलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिची निरीक्षणे तपासण्यासाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले सॉफ्टवेअर म्हणजे ‘एप्स’, अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत १९७८पासून लिहिले जात असलेले. एक्सच्याही आधीचे. त्या काळी आकाशाचे चित्र दाखवायला वेगळे महागडे यंत्र लागे, आणि एप्सच्या भाषेत त्याचे नाव ‘टीव्ही’. ती यंत्रे गेली, पण एप्स अजून त्या टीव्हीलाच हुकूम देते. ‘झास’ नावाचा छोटा प्रोग्राम एक्सच्या विंडोत त्या टीव्हीचे सोंग घेतो. मॅकवर एप्स चालवले की सोंगावर आणखी एक सोंग चढते, कारण ॲपलने २०१२मध्ये मॅकबरोबर एक्स देणे बंद केले आणि आता ते एक्सक्वार्ट्झ या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून घ्यावे लागते. त्यावर २०१८मध्ये ॲपलने ओपनजीएलही कालबाह्य ठरवून टाकले.

मग उपाय काय? सर्वांत टिकाऊ उपाय जुन्या स्पाइसने दाखवला आहे. सर्किटचे गणित करणारा हा बर्कली विद्यापीठातला प्रोग्राम १९७३चा. १९८९च्या तिसऱ्या पिढीत तो सी भाषेत आला आणि आलेख एक्सच्या विंडोत काढू लागला. त्याचा आजचा वारस एनजीस्पाइस लिनक्सवर तसेच करतो. विंडोजसाठी मात्र त्याच्या लेखकांनी आलेख काढण्याचा भाग वेगळा, थेट विंडोजच्या पद्धतीने लिहिला. गणित तेच, चित्र काढणारा हात निराळा. त्यामुळे विंडोजवर आलेख दिसायला एक्स लागतच नाही, आणि जे मधे नाही ते मोडतही नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने बनवलेले ‘ईसिम’ हे सर्किट डिझाइनचे मुक्त सॉफ्टवेअर याच एनजीस्पाइसवर उभे आहे आणि उबंटू व विंडोज दोन्हींवर मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातल्या नाइलिटसारख्या, इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांतल्या मुलांना लागणारे हे साधन फुकट आहे, ही काही लहान गोष्ट नाही.

ओपनफोमच्या बाबतीतही हीच वाट खुली आहे, फक्त ती स्वतः आखून घ्यावी लागते. गणित डब्ल्यूएसएलमध्ये करायचे. तिथे लिनक्स खरा आहे आणि भरवशाचाही. पॅराव्ह्यू मात्र लिनक्सच्या बाजूने उघडायचे नाही. त्याची विंडोजसाठी बनवलेली आवृत्ती मोफत मिळते. ती घ्यायची, गणिताच्या फोल्डरमध्ये ‘फोम’ शेपटाची एक रिकामी फाइल ठेवायची आणि विंडोजमधून ती उघडायची. निकालाच्या फाइली दोन्ही बाजूंना दिसतात. चित्र थेट विंडोजच्या ड्रायव्हरकडे जाते, ऑटोकॅडचे जाते तसेच. काळ्या पडद्यापायी आठवडे घालवणाऱ्यांना हे कोणी पहिल्याच दिवशी सांगत नाही, याचे आश्चर्य वाटते. यूट्यूबवरचे बहुतेक धडे लिनक्सवर बसून केलेले असतात, त्यांत प्रश्नच येत नाही म्हणून असेल.

पण ज्या प्रोग्रामची विंडोज आवृत्ती नाही, त्याचे काय? तिथे आधी दोष कोणत्या दुव्यात आहे ते शोधावे. मेसाला एका सेटिंगने सांगता येते की ग्राफिक्स कार्ड विसर आणि सगळे चित्र मुख्य प्रोसेसरवरच काढ. हे संथ असते, मोटारसायकल फिरवताना चित्र अडखळते. पण विंडोजचा दोन सेकंदांचा पहारा, ड्रायव्हर, आभासी भिंत हे सगळे वाटेतून दूर होतात. असे केल्यावर प्रोग्राम टिकला तर दोष कार्डाच्या वाटेवर आहे. ड्रायव्हर अपडेट करावा, दुसरे कार्ड निवडून पाहावे. तरीही कोसळला तर दोष प्रोग्राममध्ये किंवा त्याच्या जोडघटकांत आहे, ग्राफिक्सला बोल लावण्यात अर्थ नाही. आणि विंडो मुळीच येत नसेल तर पडद्याचा पत्ता, फायरवॉल आणि अँटिव्हायरस यांच्याकडे आधी पाहावे. या साध्या क्रमाने निम्मा गोंधळ निवळतो. इंटरनेटवरून उचललेली सात-आठ सेटिंगे एकदम टाकणारा मात्र स्वतःच नवा गोंधळ तयार करतो. त्यातले कोणते लागू पडले आणि कोणते नडते आहे हे त्याला पुढे कधीच कळत नाही.

काही दोष कोसळण्याइतके मोठे नसतात, पण डोळ्याला खुपतात. विंडोजमध्ये पडद्याचे माप १२५ टक्के ठेवले असेल, आणि लहान लॅपटॉपवर बहुतेकांचे तसेच असते, तर लिनक्सची विंडो धूसर किंवा बारीक दिसते. देवनागरीचे दुखणे आणखी वेगळे. एक्सची मूळ अक्षरव्यवस्था एका चिन्हाला एक चित्र अशा हिशेबाची. जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवण्याचे काम तिच्या गावीही नाही. आजचे प्रोग्राम ते काम स्वतःच करून तयार अक्षरे पाठवतात, म्हणून नव्या एडिटरमध्ये मराठी नीट उमटते आणि जुन्या टर्मिनलमध्ये ‘क्ष’ फुटतो. लिनक्सच्या बाजूला देवनागरी फाँटच नसला तर सगळीकडे चौकोन दिसतात. नोटो किंवा रेड हॅटचा लोहित फाँट बसवला की ते जातात.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या लॅबपुढे आता हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. लॅबमधली जुनी यंत्रे त्यात बसत नाहीत. डब्ल्यूएसएलमध्ये होणाऱ्या सुधारणांचा लाभ त्या यंत्रांना फारसा मिळणार नाही. मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएलचा बहुतांश स्रोत खुला केला, पण त्यामुळे जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर काही नवे होत नाहीत. अशा यंत्रांवर थेट उबंटू टाकला तर मधला थरच उरत नाही: कार्ड, ड्रायव्हर आणि पडदा सगळे लिनक्सच्या हाती. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅडसाठी काही यंत्रे विंडोजची ठेवावी लागतील हे खरे. ओपनफोम, ईसिम, सायलॅब यांच्या प्रॅक्टिकलना मात्र विंडोज लागतच नाही, आणि लिनक्सची ओळख करून देणारे आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही ऐकायला मिळतात. उबंटूच्या २४.०४ या आवृत्तीला २०२९पर्यंत नेहमीची अद्यतने मिळणार आहेत.